विषय क्रमांक एकतीस, अनुमोदक मी

आधीच सांगून टाकतो, मला पश्चात्ताप झालेला नाही. झाला असेल तर दोन-तीन दिवसांपुरता, आणि तोही घरातल्या घरात. बाहेर मी ताठ मानेनेच हिंडत होतो. आता ‘साहेब, हात सांभाळून’ असं मंडईत कोणी मागून ओरडलं, तर मी वळून बघत नाही एवढंच.

मी नगरसेवक आहे. प्रभाग नऊ. सभेच्या दहा दिवस आधी आमच्याकडे विषयपत्रिका येते. येते म्हणजे नगरपालिकेचा शिपाई ती दारात आपटतो आणि खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं. एकशे चाळीस पानं, बासष्ट विषय. येत्या सभेत शहराचं काय काय होणार, ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. फक्त कोणाला कळणार नाही अशा बेताने लिहिलेलं असतं. ‘उपरोक्त संदर्भीय ठरावान्वये प्रस्तावित बाबीस अनुषंगून’ असं वाक्य सुरू झालं की तिसऱ्या ओळीपर्यंत मला जांभई येते आणि पाचव्या ओळीला मी विरोधी पक्षात आहे की सत्तेत हेही आठवत नाही. सभेत तर कोणी काही वाचतच नाही. नगराध्यक्ष एका दमात म्हणतात, “विषय एक ते चाळीस वाचले असे समजून मंजूर?” आणि आम्ही म्हणतो, “मंजूर.” त्यानंतर चहा येतो.

या खेपेला मात्र माझ्या मनाने घेतलं की हे बासष्ट विषय साध्या भाषेत एका मोठ्या कागदावर लिहायचे आणि मंडईत लावायचे. लोकांना कळू दे, येत्या सभेत काय होणार. एवढीच माझी योजना. कागद, शाई आणि खळ.

“तुम्हाला तरी कळतंय का त्यातलं?” बायकोने विचारलं.

“कळून घेईन,” मी म्हणालो.

“मग आधी कळून घ्या. लिहायचं नंतर बघू.”

हा सल्ला मी ऐकला नाही. पुढे जे झालं त्यात हा सल्ला किती महत्त्वाचा होता, हे तिने मला आतापर्यंत चौदा वेळा सांगितलेलं आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त अव्वल कारकून राहतात. सगळी चाळीस वर्षं फायलींत गेली, म्हणून आम्ही त्यांना फाईलकाका म्हणतो. त्यांना नगरपालिकेचा कागद लांबून दिसला तरी तरतरी येते. ते चष्मा पुसत खाली आले आणि म्हणाले, “प्रत्येक विषयाखाली सूचक आणि अनुमोदक कोण, तेही लिही. म्हणजे कोणी काय आणलं ते लोकांना कळेल. पारदर्शकता.”

मला ते फार पटलं. एक ते बासष्ट, प्रत्येक विषयाचं मी एका ओळीत सार काढलं आणि खाली दोन्ही नावं लिहिली. एकतिसाव्या विषयाला अनुमोदक म्हणून मीच होतो. मला बरं वाटलं. कसलं अनुमोदन दिलं ते आठवत नव्हतं, पण आपलं नाव छापलेलं दिसलं की माणूस फार खोलात जात नाही. विषय असा होता: ‘मालमत्ता नोंदवहीतील वास्तू क्रमांक ४ (वापरात नसलेली) निष्कासित करणेबाबत.’ मी त्याचं साधं मराठी केलं: ‘वास्तू क्रमांक ४ ही पडीक, निरुपयोगी इमारत पाडून जागा मोकळी करणार. उत्तम निर्णय!’ माझं नाव लाल शाईने लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्या रेघेसाठी मी पट्टी वापरली होती, हे इथे नमूद करून ठेवतो.

कागद लावायचा कुठे? मंडईची भिंत नगरपालिकेची. नगरपालिकेच्या सभेची माहिती नगरपालिकेच्या भिंतीवर लावायला नगरपालिकेची परवानगी लागते. मी जाहिरात परवाना खिडकीपाशी गेलो. तिथल्या बाईंनी अर्ज दिला. दुसऱ्याच रकान्यात विचारलं होतं: ‘उत्पादनाचे नाव’. मी लिहिलं, ‘सभा’.

“सभा विकायची आहे?” बाईंनी विचारलं.

“नाही हो. सभेची माहिती द्यायची आहे.”

“मग ही जाहिरात नाही. माहिती विभागात जा.”

माहिती विभागाने सांगितलं की ते माहिती मागितली तर देतात, आपण होऊन देत नाहीत. तशी पद्धत नाही. तिथून मला मालमत्ता विभागाकडे पाठवलं. मालमत्ता विभागाने विचारलं, भिंतीची कोणती बाजू? मी म्हणालो, बाहेरची. ते म्हणाले, बाहेरची बाजू रस्ते विभागाकडे येते. मी निवडून आलेला माणूस आहे हो, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मला बसायला सांगितलं.

शेवटी प्रश्न सोडवला चावीवाल्या मावशींनी. मंडईच्या मागच्या कोपऱ्यात बायकांचं स्वच्छतागृह आहे. दोन खोल्या, एक नळ आणि बाहेर स्टुलावर मावशी. वय साठीच्या पुढे, आवाज मात्र भरमंडईत ऐकू जाणारा. कंबरेला चावी असते आणि पाण्याच्या बादलीवर त्यांची सतत नजर असते. मला गुंडाळलेला कागद काखेत मारून तोंड पाडून चाललेलं पाहून त्यांनी हाक मारली.

“साहेब, काय झालं?”

मी सांगितलं.

“मग माझ्या दारावर लावा की. इथे बायका रांगेत उभ्या असतात. नुसत्या उभ्या राहण्यापेक्षा वाचतील.”

मला गहिवरून आलं. मी त्या दारावर कागद लावला, चारही कोपरे हाताने दाबले, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि समाधानाने घरी गेलो. दाराच्या बरोबर वर, काळ्या पत्र्याच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात ‘४’ लिहिलेलं होतं. ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. माझ्या डोक्यात काही पेटलं नाही, इतकंच.

ते पेटलं अंडीवालीच्या डोक्यात. रांगेत तिचा नंबर चौथा होता, त्यामुळे वेळ भरपूर होता. तिने एकतिसावा विषय वाचला, वर पाहिलं, पुन्हा वाचला, आणि मग अनुमोदकाचं नाव मोठ्याने वाचलं. लाल शाईतलं. रेघेसकट.

दुपारी साडेतीनला माझ्या दाराची बेल वाजली. बाहेर अकरा बायका. पुढे अंडीवाली, तिच्या मागे लिंबूवाली, सगळ्यांत मागे मावशी.

“तुम्ही आमचं बाथरूम पाडणार?” अंडीवाली म्हणाली.

“मी? छे! मी कशाला पाडेन?”

“मग नाव कोणाचं आहे? आणि वर लिहिलंय, उत्तम निर्णय.”

“पडीक आहे म्हणे,” लिंबूवाली म्हणाली. “सकाळी पडीक जागेत जाऊन आले मी. चारदा.”

मी आत वळून बायकोकडे पाहिलं. संसारात अशा वेळी नवऱ्याला आधाराची अपेक्षा असते. ती बाहेर आली, अकरा जणींना बसायला सतरंजी घातली आणि म्हणाली, “तुम्ही बोला त्यांच्याशी. मी पाणी आणते.” मग माझ्याकडे न बघता आत गेली. तेव्हा मला कळलं की त्या घरात आता बारा विरुद्ध एक आहे.

त्या रात्री नाही, तिथल्या तिथेच मला आठवलं. महिन्यापूर्वी बांधकाम समितीची बैठक होती. माझ्या डोक्यावरचा पंखा इतका जोरात फिरत होता की कागद उडत होते. तो कमी करा म्हणून मी हात वर केला. नेमकं त्याच वेळी अध्यक्षांनी विचारलं असणार, “वास्तू चारला अनुमोदन?” पंखा काही कमी झाला नाही. त्याऐवजी माझं नाव लिहिलं गेलं. शहराच्या इतिहासात कोणत्या गोष्टी कशा मंजूर झाल्या असतील, याचा विचार करून मला त्या सतरंजीवरच घाम फुटला.

हे सगळं मी त्यांना खरं खरं सांगितलं. अंडीवालीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुम्हाला वारा लागत होता, म्हणून आमचं बाथरूम जाणार.”

मी उठून घरातला पंखा बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी फाईलकाकांना घेऊन नगरसचिवांच्या खोलीत गेलो. नगरसचिव म्हणजे सभेचं सगळं लिहून ठेवणारा अधिकारी. अतिशय सभ्य माणूस, कोणालाही कधी नाही म्हणत नाही आणि कोणाचंही काम करत नाही. म्हणाले, “अनुमोदन मागे घेण्याचा नमुना आपल्याकडे नाही. आजवर कोणी मागे घेतलेलं नाही.”

“पण इमारत वापरात आहे हो! वापरात नाही असं लिहिलं कोणी?”

त्यांनी फाईल काढली. पाहणी करणारा कर्मचारी मंगळवारी गेला होता. मंगळवारी मंडई बंद. दाराला कुलूप. त्याने लिहिलं: ‘कुलूपबंद. वापर आढळला नाही.’ शेवटी एक ओळ होती: ‘वापराची नोंदवही उपलब्ध नाही.’

“नोंदवही?” मी म्हणालो. “तिथे कसली नोंदवही?”

“आवक-जावक असतेच ना प्रत्येक कार्यालयात,” नगरसचिव म्हणाले. “नोंद नाही म्हणजे वापर नाही. नोंदवही आणा, सभेपुढे ठेवा. मग सभा बघेल.”

मला भयंकर राग आला. रोज दोनशे बायका जिथे जातात ती जागा, कोणी वहीत लिहिलं नाही म्हणून अस्तित्वात नाही! मी टेबलावर हात आपटणार होतो, पण हात वर न्यायची मला आता धास्ती वाटत होती. मी उठलो आणि म्हणालो, “ठीक आहे. वही पाहिजे ना? वहीच देतो.”

फाईलकाकांच्या अंगात वीस वर्षांच्या पोराचं बळ आलं. त्यांनी त्याच संध्याकाळी जाड पुठ्ठ्याची वही आणून रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, वेळ, नाव, कामाचे स्वरूप, सही किंवा अंगठा, शेरा. मी म्हणालो, “काका, कामाचे स्वरूप?” ते म्हणाले, “त्याशिवाय नोंदवही ग्राह्य धरत नाहीत.”

मावशींनी वही बघितली आणि स्टुलावरून उठल्याच.

“कामाचं स्वरूप काय लिहायचं? इथे काय कोणी नाटक बघायला येतं?”

“मावशी, सहा दिवस. फक्त सहा दिवस.”

पहिल्या दिवशी सकाळी कोणी लिहायला तयार होईना. बायका वहीकडे बघत, पदर तोंडावर घेत आणि तशाच परत फिरत. म्हणजे माझ्या उपायाने वापर खरोखरच बंद व्हायची वेळ आली. नऊ वाजता लिंबूवाली आली. पेन उचललं, नावाच्या रकान्यात ‘लिंबूवाली’ लिहिलं, म्हणाली, “घरचं नाव इथे कोणाला माहीत आहे?” कामाच्या स्वरूपात लिहिलं, ‘तेच.’ मागच्या बाईने तिच्या खाली लिहिलं, ‘वरीलप्रमाणे.’ त्याच्या खाली वरीलप्रमाणे. आणि मग सहा दिवस, पानामागून पान, वरीलप्रमाणे. मी नगरपालिकेत एवढी एकवाक्यता कधी पाहिलेली नाही.

शेजारीपाजारी सल्ले द्यायला होतेच. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की या विषयात पडू नका, प्रतिमेला बरं नाही. माझ्या थोरल्या भावाने फोन करून विचारलं की राजकारणात जाऊन शेवटी तू संडासाच्या दारात बसलास का. मी म्हणालो, “हो, बसलोय. आणि उठणार नाही.” फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “हे बरं बोललात.” लग्नाला बावीस वर्षं झाली, असं ती फार थोड्या वेळा म्हणाली आहे.

सहाव्या दिवसअखेर एकूण अकराशे बेचाळीस नोंदी झाल्या. सभा मंगळवारची, मंडई बंद, त्यामुळे बायकांना प्रेक्षकांच्या सज्जात येता येणार होतं. फक्त मावशी म्हणाल्या, “मी नाही येत. कुलूप दिसलं म्हणूनच हे सगळं झालं. निकाल लागेपर्यंत मी दार उघडं ठेवून बसणार. मंगळवार असो नाहीतर काही असो.”

सभागृहात नगराध्यक्ष नेहमीच्या आवाजात म्हणाले, “एक ते चाळीस वाचले असे समजून...”

“थांबा,” मी उभा राहिलो. “एकतीसला माझा विरोध आहे.”

नगराध्यक्षांनी कागद पाहिला. “अहो, तुम्ही तर अनुमोदक आहात.”

“मी पंखा कमी करा म्हणून हात वर केला होता.”

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतल्या माझ्याच पक्षाच्या सदस्याने तर बाक वाजवला. माझे कान तापले. माझा बेत असा होता की नोंदवही पुढे ठेवायची, नमुन्यादाखल दहा नोंदी वाचायच्या आणि नम्रपणे बसायचं. पण ते हसणं ऐकून मी नम्रपणा तिथेच सोडला.

“ही वापराची नोंदवही. मी वाचतो.”

“वाचली असे समजू या,” नगराध्यक्ष म्हणाले.

“नाही. मी वाचणार. सगळी.”

नगरसचिवांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि दुःखी चेहऱ्याने सांगितलं की सदस्याने आग्रह धरला तर वाचावीच लागते. तसा आग्रह आजवर कोणी धरलेला नाही.

मी सुरू केलं. “अनुक्रमांक एक. सकाळी नऊ. लिंबूवाली. कामाचे स्वरूप, तेच.”

“हजर!” सज्जातून आवाज आला. लिंबूवाली उभी होती.

“प्रेक्षकांनी बोलू नये,” नगराध्यक्ष म्हणाले.

“अनुक्रमांक दोन. कोथिंबीरवाली. वरीलप्रमाणे.”

“हजर!”

विसाव्या नोंदीला लिंबूवाली पुन्हा हजर म्हणाली. नगराध्यक्ष वैतागले, “बाई, एकदा सांगितलंत ना!” ती म्हणाली, “मी चारदा गेले होते साहेब.”

आता एक कबुली. दुसऱ्यांनी वाचावं म्हणून एवढा आटापिटा करणाऱ्या मी स्वतः ती वही आधी वाचलेली नव्हती. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, त्यात काय वाचायचं? शेऱ्याच्या रकान्यात कोणी काही लिहिलं असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पण एकदा सगळं वाचतो म्हटलं की सगळं वाचायला लागतं. “शेरा: दुसऱ्या खोलीची कडी लागत नाही.” वाचलं. “शेरा: नळ दुपारी कोरडा.” वाचलं. “शेरा: साहेबांना सांगा, हात मांडीवर ठेवत जा.” तेही वाचलं. सभागृह पुन्हा हसलं आणि मी पान उलटलं.

“अनुक्रमांक चारशे बारा. दुपारी दोन चाळीस. लसूणवाली. वरीलप्रमाणे. शेरा...” मी थांबलो. मग वाचलं. “शेरा: हे बाथरूम व्हायच्या आधी अकरा वर्षं मी बाजाराच्या दिवशी पाणी पीत नव्हते. सकाळी घरून निघाल्यापासून रात्री परत जाईपर्यंत. दवाखान्यात दोनदा राहिले. आता पिते.”

“हजर,” सज्जातून हळू आवाज आला.

कोणी हसलं नाही. आम्हा प्रत्येक सदस्यापुढे पाण्याची बाटली ठेवलेली असते. मला त्या बाटलीकडे बघवेना. शरम वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. स्वतःचा, त्या मंगळवारच्या कुलपाचा, आणि वाचले असे समजणाऱ्या आम्हा सगळ्यांचा.

नगराध्यक्षांनी घसा साफ केला. “विषय तहकूब ठेवू या.”

“तहकूब नाही,” मी म्हणालो. “रद्द. अनुक्रमांक चारशे तेरा...”

“पुढच्या सभेत सविस्तर...”

“चारशे चौदा. वेळ, तीन वाजून पाच.”

माझ्या पक्षाच्या सदस्याने बाक वाजवला होता ना, तोच उभा राहिला आणि म्हणाला, “अध्यक्षमहाराज, रद्द करून टाका. हा पूर्ण वाचणार आहे.” पाचशेसाठाव्या नोंदीपाशी नगराध्यक्ष म्हणाले, “विषय एकतीस रद्द. वास्तू वापरात आहे अशी नोंद घ्यावी. आता बसा.”

मी बसणारच होतो. विजय झाला होता, घसा बसला होता, चहाची किटली दारात येऊन उभी होती. पण वर पाहिलं तर सज्जातली एकही बाई उठली नव्हती. ज्यांची नावं अजून आली नव्हती त्या कठड्याला धरून पुढे वाकल्या होत्या. या सभागृहात त्यांचं नाव आजवर कोणी घेतलेलं नव्हतं, आणि ते पुढच्या पानांवर होतं.

“पाचशे एकसष्ट,” मी म्हणालो.

“अहो, रद्द झालं ना!”

“झालं. पण मी सगळी वाचणार असं सांगितलं होतं.”

किटली परत गेली. मी वाचत राहिलो आणि सज्जातून हजर येत राहिलं. नगराध्यक्षांनी हरकत घ्यायचं सोडून दिलं. शेवटचं पान आलं. शेवटची नोंद मावशींची होती, फाईलकाकांच्या अक्षरात, खाली अंगठा.

“अकराशे बेचाळीस. सायंकाळी सात. चावीवाल्या मावशी.”

कोणी हजर म्हणालं नाही. नगरसचिवांनी सवयीने पेन उचललं आणि गैरहजर लिहायला घेतलं. तेवढ्यात अंडीवाली उभी राहिली.

“गैरहजर लिहू नका,” ती म्हणाली. “ती कामावर आहे.”

नगरसचिवांनी नगराध्यक्षांकडे पाहिलं. नगराध्यक्षांनी मान हलवली. मग नगरसचिवांनी तसं लिहून घेतलं.